बार्ब माशांचा थवा आणि काचपेटीतील पाणी

नाशिकच्या दक्षिणेस दारणा नदीच्या परिसरात वसलेले देवळाली कॅम्प आपल्या कोरड्या, आरोग्यदायी हवेसाठी पूर्वीपासून प्रसिद्ध आहे. तोफखान्याच्या प्रशिक्षणामुळे लष्करी वस्ती, हवापालटासाठी बांधलेली आरोग्यधामे आणि जुन्या शाळा यांमुळे या छावणीच्या गावाला स्वतःचे असे रूप लाभले आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंचीवरील या भागात हिवाळ्यातील पहाट बोचरी असते आणि वैशाखातील दुपार तापलेली असते. माणसाला मानवणारी ही हवा घरातील काचपेटीत राहणाऱ्या माशाला मात्र नेहमीच मानवते असे नाही.

शोभिवंत मासे पाळण्याचा छंद आता मोठ्या शहरांपुरता राहिलेला नाही. घरातील दिवाणखाना, दवाखान्यातील प्रतीक्षाकक्ष, शाळेतील विज्ञानकक्ष, एवढेच नव्हे तर एखादे ग्रामपंचायत कार्यालय, अशा ठिकाणीही काचपेटी दिसू लागली आहे. या पेट्यांत हमखास आढळणारा मासा म्हणजे बार्ब. अंगावर काळे पट्टे असलेला टायगर बार्ब आणि गुलाबी झाक असलेला रोझी बार्ब हे दोन प्रकार बहुतेक दुकानांत मिळतात. मासे चपळ, रंगीत आणि किमतीला बेताचे असल्याने लोक उत्साहाने घरी आणतात. परंतु पहिल्या पंधरवड्यातच एकेक मासा दगावू लागतो आणि महिन्याभरात पेटी माळ्यावर जाते, असा अनुभव पुष्कळांना येतो. दोष माशांच्या जातीला किंवा खाद्याला दिला जातो. वास्तविक बार्ब हा काटक मासा आहे. त्याचे आरोग्य दोन गोष्टींवर अवलंबून असते. सोबतीला आपल्या जातीचा पुरेसा थवा असणे ही पहिली आणि पाणी जिवंत व स्थिर असणे ही दुसरी. या दोन्ही गोष्टी समजून घेतल्या तर हा छंद अल्प खर्चात वर्षानुवर्षे टिकू शकतो.

आपल्याच नद्यांतील कूळ

बार्ब हे रोहू, कटला, मृगळ या आपल्या परिचित माशांच्याच कुळातील लहान मासे होत. गंगेच्या खोऱ्यातील माशांवर फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी १८२२ साली जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात रोझी बार्ब आणि टिक्टो बार्ब या दोन्ही जातींचे शास्त्रीय वर्णन आढळते. महाराष्ट्रापुरते पाहावयाचे तर दख्खनच्या माशांचा पहिला पद्धतशीर अभ्यास मुंबई लष्करातील अधिकारी कर्नल साइक्स यांनी केला. १८३९ च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या वर्णनांत बार्बच्या मोठ्या भाईबंदांना त्यांनी येथील बोलीतील नावांवरूनच शास्त्रीय नावे दिली. ‘खुद्री’ आणि ‘कोलुस’ ही नावे आजही जगभरच्या प्राणिशास्त्रात रूढ आहेत.

पूर्वी या लहान बार्बांची गणना ‘पुंटियस’ या एकाच प्रजातीत होत असे. २०१२ नंतरच्या संशोधनाने या समूहाची विभागणी झाली. रोझी आणि टिक्टो हे आता ‘पेथिया’ या प्रजातीत मोडतात. टायगर बार्ब हा मूळचा सुमात्रा आणि बोर्निओ बेटांकडील असून त्याला ‘पुंटिग्रस’ असे नाव मिळाले आहे. आपल्या बाजारात येणारे टायगर बार्ब नदीतून पकडलेले नसतात. चेन्नईतील कोळत्तूर आणि कोलकात्याच्या आसपासचा परिसर येथे शोभिवंत माशांची पैदास मोठ्या प्रमाणावर होते आणि तेथून मासे देशभर जातात.

ही वंशावळ सांगण्यामागे व्यावहारिक कारण आहे. रोझी बार्ब उत्तर भारतातील नद्यानाल्यांत हिवाळ्याचे थंड पाणी सोसत आलेला आहे. टिक्टोची नोंद तर गोदावरीच्या खोऱ्यातील माशांच्या याद्यांतही आढळते. टायगर बार्ब मात्र विषुववृत्तालगतच्या उबदार प्रदेशातला. तेव्हा देवळालीसारख्या ठिकाणी प्रथमच मासे पाळणाऱ्याने रोझी किंवा टिक्टो यांची निवड करणे अधिक शहाणपणाचे ठरते.

थवा कशासाठी?

बार्ब हा एकट्याने राहणारा मासा नव्हे. निसर्गात त्याच्यावर मोठे मासे, खंड्या, ढोकरी, पाणसाप अशा अनेकांची नजर असते. थव्यात असताना शत्रूला नेमके सावज हेरणे अवघड जाते. शिवाय अनेक डोळे एकाच वेळी पहारा करीत असल्याने प्रत्येक माशाला चरण्यास अधिक वेळ मिळतो. थव्यातील मासे परस्परांना डोळ्यांनी पाहतात, तसेच अंगाच्या दोन्ही बाजूंस असलेल्या पार्श्वरेषेद्वारे पाण्यातील सूक्ष्म हालचालही ओळखतात. १९७६ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात डोळे झाकलेला मासाही थव्यातील आपली जागा राखू शकतो, असे दिसून आले.

थव्याची आणखी एक खूण शिक्षकांना विशेष उद्बोधक वाटेल. मधमाश्यांच्या नृत्याचा उलगडा करून १९७३ साली नोबेल पारितोषिक मिळविणारे कार्ल फॉन फ्रिश यांनी १९३८ साली माशांविषयी एक शोध मांडला होता. बार्बच्याच कुळातील एका लहान माशाच्या त्वचेला जखम होताच तीतून एक द्रव्य पाण्यात मिसळते आणि ते जाणवताच बाकीचे मासे भेदरून पळतात किंवा दडून बसतात, असे त्यांनी दाखविले. काचपेटीत जाळीने मासा घाईघाईने पकडताना त्याचे खवले निघाले, तर संपूर्ण थवा बराच वेळ कोपऱ्यात बावरून का राहतो, याचे उत्तर येथे मिळते.

एकटा किंवा जोडीने ठेवलेला बार्ब सतत भीतीखाली असतो. त्याचा रंग फिकट पडतो, तो खाण्यास पुढे येत नाही आणि रोगास सहज बळी पडतो. टायगर बार्बच्या बाबतीत याची दुसरी बाजूही दिसते. या माशांत वरचढपणाची उतरंड असते. संख्या तीन-चारच असेल तर सर्वांत बलवान मासा दुबळ्याला सतत छळतो, इतरांच्या परांचे लचके तोडतो. संख्या वाढली की ही चढाओढ अनेकांत विभागली जाते आणि कोणा एकाचा जीव जात नाही. म्हणून एका जातीचे किमान सहा आणि शक्य तर आठ ते दहा मासे एकत्र ठेवावेत. तीन जातींचे दोन-दोन मासे आणल्याने सहाचा थवा होत नाही, ही गोष्ट खरेदीच्या वेळी विसरली जाते. लांब, संथ परांचे एंजल, गुरामी किंवा फायटर मासे टायगर बार्बच्या सोबत ठेवू नयेत.

पेटी किती मोठी असावी?

थवा ठेवावयाचा म्हणजे त्याला पोहण्यास लांबी हवी. उंच आणि अरुंद पेटीपेक्षा लांब पेटी केव्हाही चांगली. सुमारे ९० सेंटिमीटर लांब, ३० सेंटिमीटर रुंद आणि ३८ सेंटिमीटर उंच, म्हणजे साधारण तीन फुटी पेटी आठ-दहा लहान बार्बांना योग्य ठरते. ती ३५ सेंटिमीटरपर्यंत भरली तर तीत सुमारे ९५ लिटर पाणी मावते. काच, वाळू आणि पाणी मिळून हे ओझे शंभर किलोग्रॅमच्या वर जाते. म्हणून पेटीखालील टेबल भक्कम आणि सपाट असावे. गोल काचेच्या भांड्यात बार्ब कधीही ठेवू नये. तेथे पाणी थोडे, हवेला भिडणारा पृष्ठभाग लहान आणि पोहण्यास जागा नाही, असे तिन्ही दोष एकत्र येतात.

पेटी खिडकीच्या थेट उन्हात नसावी. तळाशी स्वच्छ धुतलेली जाडसर वाळू घालावी. आपल्या भागातील काळ्या पाषाणाची खडी चालते. शंख, शिंपले आणि चुनखडीचे दगड मात्र पाण्याचा जडपणा वाढवितात, म्हणून ते टाळावेत. मागील बाजूस हायड्रिला, व्हॅलिस्नेरिया यांसारख्या पाणवनस्पती दाट लावून पुढील जागा मोकळी ठेवावी. लपण्यास आडोसा आहे असे कळले की थवा निर्धास्तपणे उघड्यावर येतो. बार्ब उड्याही मारतात, म्हणून वर झाकण आवश्यक आहे.

माणसाचे रक्षण करणारे औषध, माशाचे विष

ग्रामपंचायतीचे सदस्य आणि आरोग्य कर्मचारी टी.सी.एल. पावडरशी चांगले परिचित आहेत. पिण्याच्या पाण्यातील रोगजंतू मारण्यासाठी ती वापरली जाते आणि नळाच्या शेवटच्या टोकालाही लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन शिल्लक असावा, अशी अपेक्षा असते. ओ.टी. चाचणीत पाण्याला येणारा पिवळा रंग या क्लोरीनचीच साक्ष देतो. पटकी, अतिसार आणि विषमज्वर यांपासून गावाचे रक्षण करणारा हा क्लोरीन माशांच्या कल्ल्यांना मात्र जाळतो. नळाचे ताजे पाणी थेट पेटीत ओतल्याने मासे दगावतात, त्याचे हे साधे कारण होय.

यावर उपायही सोपा आहे. पाणी पसरट, उघड्या भांड्यात चोवीस तास ठेवून अधूनमधून ढवळावे. घाई असल्यास छायाचित्रणात वापरला जाणारा हायपो, म्हणजे सोडियम थायोसल्फेट, उपयोगी पडतो. नळाच्या पाण्यातील नेहमीच्या क्लोरीनसाठी शंभर लिटर पाण्यास अर्धा ग्रॅम हायपोही पुरेसा होतो. पावसाळ्यात गढूळपणामुळे पाणीपुरवठ्यात टी.सी.एल.चे प्रमाण वाढविले जाते, तेव्हा अधिक दक्षता बाळगावी.

विहिरीच्या किंवा विंधणविहिरीच्या पाण्यात क्लोरीन नसतो. तथापि काळ्या पाषाणातून झिरपलेले हे पाणी पुष्कळदा जड आणि अल्कधर्मी असते. बार्ब मध्यम जड पाण्याशी जुळवून घेतात. त्यांना सोसत नाही तो अचानक होणारा बदल. त्यामुळे एकदा एका प्रकारचे पाणी वापरण्यास सुरुवात केल्यावर तोच क्रम ठेवणे हितावह.

न दिसणारे विष

नव्या पेटीतील माशांच्या मृत्यूचे सर्वांत मोठे कारण डोळ्यांना दिसत नाही. मासे कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतात. उरलेले खाद्य आणि विष्ठा कुजूनही अमोनियाच तयार होतो. नदीत तो वाहून जातो, विरळ होतो. पेटीत तो साचतो. पाणी आरशासारखे स्वच्छ दिसत असतानाही त्यात घातक प्रमाणात अमोनिया असू शकतो.

निसर्गाने यावर तोड योजिली आहे. एका प्रकारचे जिवाणू अमोनियाचे रूपांतर नायट्राइटमध्ये करतात. नायट्राइटही विषारीच असते. दुसऱ्या प्रकारचे जिवाणू त्याचे नायट्रेटमध्ये रूपांतर करतात आणि नायट्रेट तुलनेने निरुपद्रवी असते. पाणवनस्पती त्यातील काही भाग शोषून घेतात, उरलेला भाग पाणी बदलल्याने निघून जातो. हे जिवाणू वाळूवर आणि फिल्टरच्या स्पंजात वस्ती करतात. नव्या पेटीत ही वस्ती स्थिरावण्यास साधारणतः चार ते सहा आठवडे लागतात. पेटी आज भरली आणि उद्या मासे सोडले, तर ते या जिवाणूंच्या आधीच येऊन पोचतात.

म्हणून पेटी भरून फिल्टर सुरू करावा आणि मासे न सोडता दररोज चिमूटभर खाद्य टाकत राहावे. त्यातून निर्माण होणाऱ्या अमोनियावर जिवाणूंची वस्ती पोसली जाते. जुन्या, निरोगी पेटीतील स्पंजाचा तुकडा मिळाला तर हे काम लवकर होते. बाजारात मिळणाऱ्या चाचणीसंचाने अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दिसू लागली की पाणी थोडे बदलून मासे आणावेत. थव्याचे मासे एकदमच सोडलेले बरे, अन्यथा आधी आलेले नंतरच्यांवर दादागिरी करतात.

पाण्याच्या सामूचाही येथे संबंध येतो. पंचवीस अंश तापमानाला आणि सामू ७ असताना एकूण अमोनियापैकी जेमतेम अर्धा टक्का भाग तीव्र विषारी रूपात असतो. सामू ८ झाला की हेच प्रमाण पाच टक्क्यांच्या वर जाते. अर्थात विंधणविहिरीच्या अल्कधर्मी पाण्यात त्याच अमोनियाचे विष सुमारे दहापट होते. असे पाणी वापरणाऱ्याने मासे कमी आणि पाणी बदलण्यात नियमितपणा अधिक ठेवावा.

दर आठवड्यास पाव भाग पाणी बदलणे हा सर्वांत उपयुक्त नियम होय. तीन फुटी पेटीसाठी बारा लिटरच्या दोन बादल्या पुरतात. तळाची घाण नळीने ओढून काढावी आणि साठवून ठेवलेले, त्याच तापमानाचे पाणी सावकाश घालावे. संपूर्ण पेटी रिकामी करून वाळू घासूनपुसून धुणे हे स्वच्छतेचे लक्षण वाटते, परंतु त्यामुळे उपयुक्त जिवाणूंची वस्ती नष्ट होते आणि पेटी पुन्हा पहिल्या दिवसावर येते. फिल्टरचा स्पंजही नळाखाली न धुता पेटीतून काढलेल्या पाण्यातच पिळावा. काढलेले पाणी कुंड्यांना घालावे. त्यातील नायट्रेट झाडांना खतासारखे उपयोगी पडते.

थंडी, उन्हाळा आणि वीज

नाशिक परिसरात हिवाळ्यात किमान तापमान दहा अंश सेल्सिअसच्या खाली उतरते. घराच्या भिंतींमुळे पेटीतील पाणी तितके थंड होत नाही, तरी ते अठरा अंशांच्या खाली जाऊ शकते. रोझी आणि टिक्टो हे पाणी सोसतात. किंबहुना अठरा ते चोवीस अंशांच्या दरम्यान ते उत्तम राहतात. टायगर बार्बला मात्र बावीस ते सव्वीस अंशांची ऊब हवी. त्याच्यासाठी हीटर लागतो आणि लिटरमागे सुमारे एक वॅट हे प्रमाण पुरेसे असते. दिवसा पंचवीस आणि पहाटे सतरा असा चढउतार माशाची प्रतिकारशक्ती खचवितो. हीटरचे खरे काम पाणी तापविणे एवढेच नसून तापमान स्थिर राखणे हे आहे. पाण्यात हात घालण्यापूर्वी हीटरचा प्लग काढावा आणि वीजजोडणीला अर्थिंग असल्याची खात्री करून घ्यावी.

उन्हाळ्यातील अडचण वेगळी असते. पाणी जसे तापते तसा त्यात विरघळणारा प्राणवायू कमी होतो. समुद्रसपाटीवर पंधरा अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे १० मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, पंचवीस अंशांना ८.३ आणि तीस अंशांना ७.५ मिलिग्रॅम. देवळालीच्या उंचीवर हवेचा दाब कमी असल्याने हे आकडे आणखी थोडे खाली येतात. त्याच वेळी उष्णतेमुळे माशांची प्राणवायूची गरज मात्र वाढते. मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करू लागले की हवेचा पंप वाढवावा, झाकणाच्या जागी जाळी ठेवून पाण्यावर पंख्याचा वारा घ्यावा आणि खाद्य कमी करावे. बाष्पीभवनाने पाणी दोन-तीन अंशांनी सहज उतरते.

वीज खंडित झाल्यास काही तास काळजीचे कारण नसते, मात्र पेटीत माशांची दाटी नसावी. स्वच्छ पेल्याने पाणी वर उचलून उंचावरून ओतत राहिले तरी त्यात हवा मिसळते. बॅटरीवर चालणारा छोटा पंपही मिळतो. वीज नसताना खाद्य देऊ नये.

खाद्य बेताचे

बार्ब मिश्राहारी आहेत. कोरड्या खाद्यासोबत आठवड्यातून एकदोनदा उकडलेला पालक किंवा सोललेला मऊ वाटाणा द्यावा. पालेभाजीची उणीव राहिली तर ते पाणवनस्पतींचे कोवळे शेंडे कुरतडतात. दिवसातून दोन वेळा, दोन मिनिटांत संपेल इतकेच खाद्य द्यावे आणि आठवड्यातून एक दिवस लंघन पाळावे. गटारातून गोळा केलेले ट्युबिफेक्स किडे स्वस्त असले तरी त्यांच्याबरोबर रोगजंतू येतात. डासांच्या अळ्या बार्ब आवडीने खातात हे खरे. परंतु त्यासाठी घराभोवती पाणी साठवून डासांची पैदास करणे हे डेंग्यू आणि हिवताप यांना निमंत्रण देणे होय.

रोगाची पहिली खूण

निरोगी थवा एकत्र फिरतो, खाद्य दिसताच झेपावतो, पर ताठ ठेवतो. एखादा मासा थव्यापासून अलग राहू लागला, पर मिटून कोपऱ्यात थांबला किंवा दगडाला अंग घासू लागला, तर ती रोगाची पहिली सूचना समजावी. अशा वेळी औषधाच्या बाटलीकडे हात जाण्याआधी पाण्याची चाचणी घ्यावी. बहुतेक वेळा मूळ दोष तेथेच सापडतो.

सर्वांत जास्त आढळणारा रोग पांढऱ्या ठिपक्यांचा. अंगावर आणि परांवर रव्याचे कण चिकटावेत तसे ठिपके उठतात. हा एका एकपेशीय परजीवीचा उपद्रव होय. माशाच्या अंगावर वाढलेला परजीवी गळून तळाशी जातो, तेथे त्याचे विभाजन होऊन शेकडो पिल्ले बाहेर पडतात आणि नवा मासा शोधू लागतात. त्यांना मासा मिळाला नाही तर दोनएक दिवसांत ती मरतात. औषध लागू पडते ते या पोहणाऱ्या अवस्थेतच, त्वचेखाली दडलेल्या अवस्थेत नाही. ठिपके नाहीसे होताच उपचार थांबविल्यास रोग उलटतो, त्याचे कारण हेच. पाणी हळूहळू अठ्ठावीस अंशांपर्यंत नेऊन, लिटरमागे एक ते दोन ग्रॅम जाडे मीठ दोन दिवसांत थोडे थोडे करून मिसळावे, हवेचा पंप सतत चालू ठेवावा आणि ठिपके गेल्यानंतरही आठवडाभर उपचार सुरू ठेवावा. मिठाने काही पाणवनस्पती कोमेजतात, म्हणून त्या आधी वेगळ्या काढाव्यात.

रोग मुख्यतः नव्या माशाबरोबर येतो. तेव्हा नवा मासा तीन ते चार आठवडे वेगळ्या लहान पेटीत ठेवून मगच थव्यात सोडावा. दुकानातून आणलेली पिशवी प्रथम वीस मिनिटे पाण्यावर तरंगत ठेवावी, तीत पेटीतील पाणी थोडे थोडे मिसळावे आणि नंतर मासे तेवढे जाळीने उचलून घ्यावेत. पिशवीतील पाणी पेटीत ओतू नये.

शाळेतील काचपेटी

शाळेत काचपेटी ठेवावयाची असेल तर ती शोभेची वस्तू न राहता अभ्यासाचे साधन व्हावी. विद्यार्थ्यांनी दररोज सकाळी पाण्याचे तापमान नोंदवावे, आठवड्यास एकदा सामू आणि नायट्राइट तपासावे, थव्यातील माशांची संख्या मोजावी. एका सत्राच्या नोंदींवरून आलेख काढता येतो. नत्रचक्र, प्राणवायू आणि तापमान यांचा संबंध, प्राण्यांचे समूहवर्तन हे क्रमिक पुस्तकांतील विषय मुलांना डोळ्यांसमोर दिसतात. गावच्या तलावात सांडपाणी सोडल्यावर मासे का मरतात, हे ज्या मुलाने काचपेटीत अमोनिया मोजला आहे त्याला निराळे समजावून सांगावे लागत नाही.

दिवाळी आणि मे महिन्याच्या सुट्यांची व्यवस्था मात्र आधीच ठरवावी. प्रौढ, निरोगी बार्ब काही दिवस खाद्यावाचून सहज राहतात, पण महिनाभराची सुटी पेटीला सोसत नाही. ही जबाबदारी कोणावर याची लेखी नोंद असावी.

पेटीतील मासा नदीत नको

आता या विषयाची सार्वजनिक बाजू. पेटी नकोशी झाली की मासे जवळच्या नदीत किंवा तलावात सोडून देण्याची प्रवृत्ती आढळते. सोडणाऱ्याची भावना दयेची असते, परिणाम मात्र विपरीत होतो. परका मासा एक तर तडफडून मरतो किंवा तगून स्थानिक माशांचे खाद्य आणि जागा बळकावतो, आपल्याबरोबरचे रोगही पसरवितो. १९५२ साली भारतात आणलेला तिलापिया आज देशातील असंख्य जलाशयांत पसरला आहे. पेटीची काच स्वच्छ ठेवतो म्हणून विकला जाणारा दक्षिण अमेरिकेतील सकर मासा उजनीसारख्या जलाशयांत मच्छीमारांच्या जाळ्यांत सापडू लागला आहे. त्याच्या काट्यांनी जाळी फाटतात आणि त्याला बाजारात भाव नाही. काचपेटीतील चूक अशा रीतीने कोणाच्या तरी उपजीविकेवर येऊन पडते. नको असलेले मासे दुकानदारास परत द्यावेत किंवा दुसऱ्या पाळणाऱ्याकडे सोपवावेत. दारणा, वालदेवी किंवा गावतळे हे त्यांचे ठिकाण नव्हे.

उलट दिशेचा धोकाही तितकाच खरा आहे. पश्चिम घाटातील काही बार्ब अत्यंत मर्यादित क्षेत्रात आढळतात. केरळ आणि कर्नाटकातील नद्यांत राहणारा, ‘मिस केरळ’ नावाने ओळखला जाणारा डेनिसन बार्ब परदेशी बाजारातील मागणीमुळे इतका पकडला गेला की केरळच्या मत्स्यव्यवसाय विभागाला २००८ साली त्यावर निर्बंध आणावे लागले. कोकण-गोव्याकडील पश्चिम घाटात आढळणाऱ्या एका सुंदर बार्बचे वर्णन छापगर आणि साने यांनी १९९२ साली केले आणि मुंबई राज्याचे मत्स्यव्यवसाय संचालक डॉ. सेटना यांच्या नावावरून त्याला ‘सेटनाई’ हे नाव दिले. संशोधकांपैकी बी. एफ. छापगर हे १९५१ साली मुंबईत सुरू झालेल्या तारापोरवाला मत्स्यालयाशी निगडित होते. पवना आणि नीरा या नद्यांतून ‘पेथिया’ प्रजातीच्या आणखी एका जातीची नोंद तर २०१६ साली झाली. पुण्यासारख्या शहराच्या आसपासच्या नद्यांतही शास्त्राला अपरिचित असलेला मासा सापडावा, यावरून आपल्या ओढ्यानाल्यांत अजून किती ठेवा आहे याची कल्पना येते. पाळण्यासाठी म्हणून असे मासे नदीतून पकडू नयेत. पैदास केंद्रातील मासेच घ्यावेत आणि दुर्मीळ जात विकत घेण्यापूर्वी तिला कायद्याचे संरक्षण आहे काय याची वन विभागाकडे चौकशी करावी.

शोभिवंत माशांची पैदास हा जोडधंदाही होऊ शकतो. बार्ब पाणवनस्पतींवर अंडी विखुरतात आणि संधी मिळताच स्वतःच ती खातात. म्हणून अंडी घालून होताच नर-मादी वेगळी करावी लागतात. अंडी साधारण दीड दिवसात फुटतात. केंद्र शासनाने २०२० साली सुरू केलेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत शोभिवंत मत्स्यपालनाचाही समावेश करण्यात आला. या कामी रस असलेल्या युवकांनी आणि महिला बचतगटांनी जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयाकडे माहिती घ्यावी. ग्रामपंचायतींनीही गावतळ्यात बाहेरचे मासे सोडू नयेत, अशी सूचना तळ्याच्या काठी लावल्यास ते काम अल्प खर्चाचे आणि दीर्घकाळ उपयोगी पडणारे ठरेल.

सहा ते दहा माशांचा एक थवा, तीन फुटी पेटी, क्लोरीन गेलेले पाणी, सहा आठवड्यांचा धीर आणि आठवड्याला दोन बादल्या, एवढीच या छंदाची सामग्री आहे. यांपैकी धीराला बाजारात किंमत नाही, पण बहुतेक मासे दगावतात ते त्याच्याच अभावी. चांगली निगा राहिल्यास रोझी किंवा टायगर बार्ब चार-पाच वर्षे जगतो. पहिलीत असताना ज्या मुलाने वर्गातल्या थव्याला खाद्य घातले, ते चौथीत जाईपर्यंत तोच थवा त्याला तेथे दिसावा, ही अपेक्षा मुळीच अवास्तव नाही.